कान तयार होत जातो तसतसं

भाषा शिकवणाऱ्या माणसाकडून लोक चांगल्या बोलण्याची अपेक्षा करतात. उच्चार स्वच्छ हवेत, व्याकरण पक्कं हवं, अक्षर वळणदार हवं, वर्गावर पकड हवी. हे सगळं लागतंच. पण इतकी वर्षं मराठी न येणाऱ्यांना मराठी शिकवल्यावर माझं ठाम मत झालंय की या कामाची खरी भिस्त कानावर असते. समोरच्याचं काय चुकलं हे कुठल्याही मराठी माणसाला कळतं. तो कुठल्या विचाराने त्या चुकीपर्यंत पोचला, हे ऐकू येणं म्हणजे शिक्षक होणं. आधी शाळा, मग रुग्णालयातले आणि कार्यालयांतले वर्ग, मग ऑनलाइन बॅचेस आणि आता नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण, असं करत मी इथवर आले. प्रत्येक टप्प्यावर कान थोडा थोडा तयार होत गेला. त्याबद्दलच लिहिते आहे.

एम.ए. मराठी, मग बी.एड. आणि त्यानंतर तासिका तत्त्वावर शाळेत, अशी माझी सुरुवात. शाळेत मराठी हा दुय्यम विषय होता. बी.एड.च्या सराव पाठांचं टाचण कसं असतं ते त्या वाटेने गेलेल्यांना सांगायला नको: उद्दिष्टं, प्रस्तावना, हेतुकथन, फलकलेखन, शेवटी गृहपाठ. ती शिस्त मला आजही उपयोगी पडते. पण ते सगळं शिक्षण एक गोष्ट धरून चाललेलं होतं, ती म्हणजे मूल मराठी घरून घेऊन येतं आणि शाळेने तिला फक्त वळण लावायचं. माझ्यासमोरच्या मुलांपैकी कुणाच्या घरी हिंदी होती, कुणाच्या गुजराती, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या बंगाली. कवितेचं रसग्रहण फार पुढची गोष्ट. तिथे 'ती आली' आणि 'ते आलं' इथपासून सुरुवात होती.

पहिल्या काही महिन्यांतच एक गोष्ट लक्षात यायला लागली. एकाच धड्यावर सगळी मुलं अडखळत होती, पण प्रत्येकाची अडखळायची जागा वेगळी होती. हिंदी घरातलं मूल 'माझा घर', 'माझी पुस्तक' म्हणायचं, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाही, तिथे घर पुल्लिंगी आणि पुस्तक स्त्रीलिंगी आहे. गुजराती मूल तिथे कधीच अडायचं नाही. गुजरातीत मराठीसारखी तीन लिंगं आहेत, 'मारुं घर' म्हणणाऱ्याला 'माझं घर' म्हणायला कष्ट पडत नाहीत. बंगालीत नामाला व्याकरणातलं लिंगच नाही आणि क्रियापदही लिंगाप्रमाणे बदलत नाही, त्यामुळे त्या मुलाच्या तोंडी 'ताई आला' यायचं. मुलगा अतिशय हुशार होता. तो चुकत नव्हता, त्याच्या भाषेत जो प्रश्नच उद्भवत नाही त्याचं उत्तर आपण त्याच्याकडे मागत होतो.

उलटही व्हायचं. 'आपण' आणि 'आम्ही' यांतला फरक, म्हणजे ऐकणाऱ्याला धरून की वगळून, हा हिंदी भाषकांना समजावताना जीव मेटाकुटीला येतो. तेलुगू मुलांना तो एका मिनिटात समजला, कारण 'मनम्' आणि 'मेमु' घेऊनच ती वर्गात आली होती. गुजराती मुलांकडे 'आपणे' आणि 'अमे' होतेच. मग मी तो भाग त्या मुलांकडूनच बाकीच्यांना समजावून घेतला. वर्गात अनेक भाषा असणं ही अडचण मानायची की साधनसामग्री, हे शिक्षकाच्या हातात असतं. मी ती सामग्री मानली आणि मला त्याचा कायम फायदाच झाला.

तेव्हापासून मी एक वही ठेवायला लागले. तीन रकाने: काय म्हटलं, घरची भाषा कोणती, असं का म्हटलं असावं. तिसरा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आणि बरेचदा रिकामा राहायचा. 'मीने पत्र लिहिलं' हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो लगेच भरला, कारण मागे 'मैंने' उभं होतं. शिवाय 'त्याने', 'तिने', 'रमेशने' असं सगळं असताना 'मी' आणि 'तू' मोकळे का सुटतात, हा त्या मुलाचा प्रश्न रास्तच होता. मराठीत तृतीय पुरुषाला 'ने' लागतो आणि 'मी', 'तू' तसेच राहतात, ही गोष्ट मराठी माणसाच्या आयुष्यभर लक्षात येत नाही. मला ती त्या मुलामुळे दिसली. आपलीच भाषा बाहेरून बघायला मिळते, हा या पेशातला माझा सर्वांत मोठा आनंद आहे.

पुढे भाषाशिक्षणावरचं वाचन वाढलं तेव्हा कळलं की आपण वहीत जे करतोय त्याचा विचार फार आधी झालेला आहे. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषावैज्ञानिकाने 1967 मध्ये शिकणाऱ्यांच्या चुकांवर एक निबंध लिहिला. चुका म्हणजे पुसून टाकायची घाण नव्हे, शिकणारा नियम शोधतोय त्याची ती खूण आहे, असं त्याचं म्हणणं. 1972 मध्ये लॅरी सेलिंकर या अमेरिकन अभ्यासकाने पुढचं पाऊल टाकलं. शिकणाऱ्याच्या डोक्यात मातृभाषेहून आणि शिकायच्या भाषेहूनही वेगळी, मधली एक भाषा तयार होत असते आणि तिलाही तिचे नियम असतात, असं त्याने मांडलं. हे वाचल्यावर वहीतला तिसरा रकाना मी अधिक नेटाने भरायला लागले.

या 'मधल्या भाषे'चं माझ्या आठवणीतलं उत्तम उदाहरण मोठ्यांच्या वर्गातलं आहे. शाळेनंतर मी नोकरी करणाऱ्यांच्या संध्याकाळच्या बॅचेस घ्यायला लागले होते. एक बाई, घरची भाषा हिंदी, सुट्टीत काय केलं ते सांगत होत्या. म्हणाल्या, "मी काक्याला फोन केला." वर्गातल्या दोघांना हसू आलं. मी मात्र मनातून खूश झाले होते. आदल्या आठवड्यात आम्ही 'रस्ता – रस्त्याला', 'घोडा – घोड्याला', 'दरवाजा – दरवाज्याला' केलं होतं. बाईंनी 'काक्याला' हा शब्द कुठेच ऐकलेला नव्हता, कुठला मराठी माणूस तो म्हणतच नाही. म्हणजे तो पाठ केलेला नव्हता, त्यांनी तो घडवला होता. नियम त्यांच्या अंगात उतरला होता आणि आता त्याला अपवाद दाखवायची वेळ आली होती.

मी फळ्यावर काका, मामा, दादा, बाबा असे शब्द लिहिले आणि म्हटलं, ही मंडळी बदलत नाहीत. 'काकाला', आदराने 'काकांना'. बाईंनी लगेच विचारलं, "मग नात्यातलं कुणीच बदलत नाही का? भाचा?" वर्ग थांबला. भाचा तर बदलतो, 'भाच्याला'. सासरा 'सासऱ्याला', मुलगा 'मुलाला'. काका-मामा-दादा-बाबा ही हाक मारायची नावं आहेत, भाच्याला किंवा सासऱ्याला आपण 'अरे भाचा', 'अहो सासरा' अशी हाक मारत नाही, हे त्या चर्चेत वर्गातूनच निघालं. त्या दिवशीचं माझं टाचण बाजूलाच राहिलं. पण त्या तासाला जे शिकणं झालं ते कुठल्याही टाचणात बसवता आलं नसतं.

सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचं जे बदललेलं रूप होतं त्याचा, विषय निघालाच आहे तर थोडं थांबते, कारण मराठी शिकवणाऱ्याची खरी कसोटी तिथे लागते. 'भिंत' आणि 'वाट' दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. पण 'भिंतीवर' आणि 'वाटेवर'. 'मोती' चा 'मोत्याला' होतो, 'हत्ती' मात्र 'हत्तीला' राहतो. कोष्टकं करून देता येतात, व्याकरणाच्या पुस्तकांत ती आहेतही, आणि परीक्षेत मुलं ती बरोबर भरतात. बोलताना मात्र 'घरला' आणि 'रस्तात' चालूच राहतं. माणूस बोलत असताना त्याला कोष्टक उघडून बघायला सवड नसते.

जर्मनीत मानफ्रेड पीनेमान याने 1984 मध्ये एक अभ्यास मांडला होता. जर्मन शिकणाऱ्या इटालियन मुलांना वाक्यातल्या शब्दक्रमाचा एक नियम शिकवला. जी मुलं त्याच्या अलीकडच्या पायरीवर पोचली होती त्यांनाच तो लागू पडला, खालच्या पायरीवरच्यांना शिकवूनही आला नाही. मराठीच्या सामान्यरूपांची अशी पायरीवार पाहणी माझ्यासमोर नाही, पण वर्गातला अनुभव त्याच अंगाने जातो. म्हणून मी आता सुरुवातीला 'घरी', 'शाळेत', 'रस्त्यावर', 'हातात', 'पाण्यात', 'भिंतीवर' हे अख्खे शब्द म्हणून देते. फोड करत नाही. पुरेसे शब्द कानावरून गेले की शिकणाराच एक दिवस विचारतो, "मॅडम, 'रस्ता' चा 'रस्त्या' का झाला?" तो प्रश्न आला की समजायचं, आता कोष्टक काढायला हरकत नाही.

माझ्या कामाला खरी कलाटणी मिळाली ती परिचारिकांच्या वर्गामुळे. एका रुग्णालयाने त्यांच्याकडच्या परिचारिकांना मराठी शिकवण्यासाठी बोलावलं. बऱ्याच जणी मल्याळम बोलणाऱ्या होत्या. माझ्याकडे तयार अभ्यासक्रम होता: स्वतःची ओळख, कुटुंब, वेळ विचारणे, बाजारहाट. पण वर्ग सुरू करण्याआधी मी परवानगी घेऊन काही सकाळी वॉर्डात नुसती बसले आणि पेशंट काय बोलतात ते लिहून घेतलं. ती यादी अजून माझ्याकडे आहे.

"पोटात कळ येते." "गुडघा ठणकतोय." "पाठीत सणक भरली." "छातीत चमक निघते." "पोटात कालवतंय." "हातापायाला मुंग्या येतात." "अंग मोडून आलंय." "कणकण आहे." "जीव घाबरा होतो." "तोंडाला चव नाही." "कसंतरीच होतंय."

यातला एकही शब्द माझ्या अभ्यासक्रमात नव्हता आणि या बायकांना दिवसभर हेच ऐकायचं होतं. एका आजींनी "उन्हाळी लागलीय" म्हटल्यावर परिचारिकेने पंख्याचा वेग वाढवला होता, असं त्यांच्यातल्या एकीनेच सांगितलं. आजींना लघवीला जळजळ होत होती. इथे भाषा न कळणं म्हणजे दुखणं न कळणं होतं.

त्या वर्गासाठी मी सगळं नव्याने मांडलं. पहिली गोष्ट, ऐकून समजण्याचा आणि स्वतः बोलण्याचा अभ्यास वेगळा केला. परिचारिकेला 'सणक' म्हणता आलं नाही तरी चालेल, पण पेशंटने म्हटलेलं कळलं पाहिजे आणि 'कळ', 'ठणका', 'सणक', 'मुरडा' यांत फरक करता आला पाहिजे. कळ येते आणि ओसरते, ठणका नाडीसारखा ठोके देत राहतो, सणक क्षणात आरपार जाते, मुरडा पोट पिळवटतो. हे मी हाताने, चेहऱ्याने करून दाखवलं आणि त्यांच्याकडून करून घेतलं. दुखण्याचा अभिनय करताना वर्गात जी जान यायची ती कुठल्याच संवादपाठात आली नाही.

दुसरी गोष्ट, सुरुवात कुठून करायची हे त्यांच्या भाषेवरून ठरवलं. मल्याळममध्ये क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलत नाही. 'आला, आली, आलं' ने सुरुवात केली असती तर पहिल्याच आठवड्यात सगळ्या दमल्या असत्या. मराठीतलं आज्ञार्थी रूप मात्र लिंग बघत नाही. "बसा." "कुशीवर वळा." "मूठ आवळा." "श्वास घ्या, सोडा." "कुठे दुखतंय? हात लावून दाखवा." एवढ्यावर त्या दुसऱ्या दिवसापासून वॉर्डात मराठी वापरायला लागल्या. 'मला पाहिजे', 'मला दुखतंय' ही रचना त्यांना सोपी गेली, कारण मल्याळममध्येही हवं-नको बोलताना 'मला'सारखंच रूप येतं. मग 'तुम्हाला काय होतंय', 'त्यांना पाणी पाहिजे' ही वाक्यं आपोआप आली. लिंगभेदाला आम्ही फार उशिरा हात घातला आणि तोवर त्यांच्या कानांना 'बाबा आले', 'आजी आल्या' यांची सवय झाली होती.

या वर्गानंतर मी कुठल्याही बॅचचा अभ्यासक्रम आधी ठरवणं बंद केलं. आधी त्यांच्या कामाच्या जागी जाऊन ऐकायचं, मग लिहायचं.

स्तर ठरवण्यासाठी मला युरोपच्या भाषाचौकटीचा आधार मिळाला. युरोप परिषदेने 2001 मध्ये प्रसिद्ध केलेल्या या चौकटीत ए-वन ते सी-टू असे सहा स्तर आहेत आणि प्रत्येक स्तराचं वर्णन 'काय करता येतं' या शब्दांत केलेलं आहे. किती पाठ झाले याला तिथे महत्त्व नाही. अनोळखी माणसाला पत्ता विचारता येतो का, फोनवर निरोप घेता येतो का, असे निकष. मुंबई विद्यापीठाच्या जर्मन विभागाने अमराठी लोकांसाठी मराठीची पाठ्यपुस्तकं तयार केली, त्यामागेही परकी भाषा शिकवण्याचा हाच अनुभव होता. मराठी विभागांनी या कामात अजून पुष्कळ उतरायला हवं असं मला कळकळीने वाटतं. साहित्याच्या पदवीसोबत 'मराठी दुसरी भाषा म्हणून कशी शिकवावी' याचं शिक्षण मिळालं तर नव्या मुलांना उभी राहायला किती सोपं जाईल.

कुठली मराठी शिकवायची हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाला एकदा सोडवावा लागतो. पुस्तकात छापलेलं असतं 'तू काय करत आहेस?' आणि 'त्याने काम केले'. बाहेर ऐकू येतं 'काय करतोयस?' आणि 'त्यानं काम केलंय'. पुस्तकातली मराठी पाठ करून बाहेर पडलेल्या माणसाला रस्त्यावरचं अर्धंअधिक बोलणं वेगळीच भाषा वाटते. मी बोलण्याच्या वर्गात पहिल्या दिवसापासून 'केलं, गेलं, करतोय, चाललेय' हीच रूपं देते. 'केले' वाचनाच्या वेळी येतं आणि ते ओळखायला एखादा तास पुरतो. ग्रामीण आणि निरनिराळ्या भागांतल्या बोलींबाबत माझा नियम साधा आहे. बोलायला कुठलीही एक निवडा, ऐकायला जमतील तेवढ्या ऐका. 'येऊन राहिला' म्हणणाऱ्याची भाषा अशुद्ध आहे असं माझ्या वर्गात कुणी म्हटलेलं मी खपवून घेत नाही.

उच्चारांत सगळ्यात चिवट म्हणजे 'च' आणि 'ज'. 'चार' मधला च वेगळा, 'चाक' मधला वेगळा, आणि लिहिताना दोन्ही एकच. 'ळ' ला सगळे घाबरतात, पण तो गुजराती, कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळम अशा अनेक भाषांत आहे. हिंदी भाषकांना तो सरावाने जमतो आणि नाही जमला तरी अर्थ बहुधा अडत नाही. मी त्यावर फार वेळ घालवत नाही.

चूक ऐकू आली की तिचं करायचं काय, याचं उत्तर मात्र मला सावकाश सापडलं. बहुतेक शिक्षक करतात तसं मीही वाक्य दुरुस्त करून परत म्हणायचे. विद्यार्थी म्हणाला 'माझा पुस्तक हरवला', की मी म्हणणार, 'हो का, तुमचं पुस्तक हरवलं?' रॉय लिस्टर आणि लैला रांता यांनी कॅनडातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांची पाहणी 1997 मध्ये प्रसिद्ध केली. तिथल्या शिक्षकांच्या दुरुस्त्यांपैकी निम्म्याहून जास्त याच प्रकारच्या होत्या, आणि विद्यार्थ्यांनी सगळ्यात कमी दखल याच दुरुस्त्यांची घेतली. ते स्वाभाविक आहे. त्याला वाटतं, बाई आपल्याशी बोलतायत. आता मी वाक्य अर्धवट सोडते, "तुमचं पुस्तक…?" आणि थांबते. किंवा नुसतं विचारते, "पुस्तक तो, ती की ते?" उत्तर त्याच्याकडेच असतं, फक्त काढून घ्यावं लागतं. पण माणूस मनापासून काही सांगत असेल, आईच्या आजारपणाबद्दल, नोकरीतल्या त्रासाबद्दल, तेव्हा मी मध्ये बोलत नाही. वहीत टिपते आणि तासाच्या शेवटी, कुणाचं वाक्य हे न सांगता, फळ्यावर घेते.

थांबण्याचंही असंच. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत मोजून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद वाट बघतात. ती वाट तीन सेकंदांपर्यंत नेली तर उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प बसणारेही बोलतात. परक्या भाषेत तर माणसाला आधी प्रश्न कळायचा असतो, मग शब्द शोधायचे असतात, मग ते जुळवायचे असतात. मी मनात सावकाश पाचपर्यंत मोजते. नव्या शिक्षकांना ती शांतता असह्य होते आणि ते स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात.

वाचनाची अडचण वेगळी आहे. मोठ्या माणसाला मुलांच्या गोष्टी वाचायला दिल्या तर भाषा सोपी असते पण विषय त्याच्या वयाचा नसतो, आणि वर्तमानपत्र दिलं तर पहिल्याच ओळीत चार शब्द अडतात. मजकुरातले सुमारे 98 टक्के शब्द ओळखीचे असले तरच तो कुणाच्या मदतीशिवाय नीट समजतो, असं या क्षेत्रातले अभ्यास सांगतात. मायकेल वेस्ट याने 1920च्या दशकात बंगालमध्ये इंग्रजी शिकवताना मोजक्या शब्दांत लिहिलेली वाचनपुस्तकं तयार केली, आणि पुढे 1953 मध्ये सुमारे दोन हजार इंग्रजी शब्दांची त्याची यादी आली. मराठीत मोठ्यांसाठी असं पायरीपायरीने चढणारं वाचन फार कमी आहे. मी स्वतः अर्ध्या-एका पानाचे मजकूर लिहिते: भाडेकरार करताना काय झालं, बस चुकली तेव्हा, शेजाऱ्याशी झालेला वाद. तेच शब्द पुढच्या मजकुरात मुद्दाम परत आणते. हे लिहायला वर्ग घेण्याहून जास्त वेळ लागतो.

त्या वेळेचं मोल या पेशात कुणी देत नाही, हेही सांगायला हवं. तासिका तत्त्वावर काम करताना मानधन उभं राहून शिकवल्याचं मिळतं. वॉर्डात बसून ऐकणं, यादी करणं, मजकूर लिहिणं, वह्या तपासणं हे सगळं पदरचं. एका संस्थेने तर बॅच अर्ध्यात बंद केली आणि झालेल्या तासांचे पैसे मिळायला बराच काळ पाठपुरावा करावा लागला. तेव्हापासून मी लेखी करारात तयारीचे तास वेगळे दाखवते. काही जण नाही म्हणतात, पण जे मान्य करतात त्यांच्याकडे काम चांगलं होतं. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांनी शिकवण्याची आवड असली तरी हे बोलून घ्यायला संकोचू नये.

आता मराठी वाचकांशीच थोडं बोलायचंय, कारण माझ्या विद्यार्थ्यांची सगळ्यात मोठी तक्रार व्याकरणाबद्दल नाही, आपल्याबद्दल आहे. ते धीर करून मराठीत वाक्य सुरू करतात, मधे अडखळतात, आणि समोरचा मराठी माणूस क्षणात हिंदीवर जातो. भावना मदतीचीच असते, पण परिणाम असा होतो की वर्गात आठवडाभर कमावलेलं बाहेर वापरायला जागाच उरत नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात मी एक वाक्य घोटून घेते: "मला मराठी शिकायचंय, प्लीज मराठीतच बोला, थोडं हळू." ते इतक्या सफाईने यावं लागतं की समोरच्याला भाषा बदलायची इच्छाच होऊ नये. हे वाक्य ऐकलंत तर तेवढं करा. हळू बोला, तेच वाक्य परत म्हणा, आणि तो शब्द शोधत असताना थोडं थांबा. त्याच्या चुकीवर हसू नका, आणि "अरे वा, किती छान मराठी बोलता" म्हणून विषय संपवूही नका. तो जे सांगतोय त्यावर उत्तर द्या. त्याला कौतुकापेक्षा संभाषण हवं असतं.

सध्या मी जास्त वेळ नव्या शिक्षकांसोबत असते. त्यांच्या तासाला मागे बसून निरीक्षण करताना मी शिक्षकाकडे फारसं बघत नाही. कोण किती बोललं, कोण बोलू पाहत होतं आणि थांबलं, तेवढं टिपते. तासानंतर आम्ही ध्वनिमुद्रणातली दहा मिनिटं घेतो आणि विद्यार्थ्यांची वाक्यं जशीच्या तशी, अडखळण्यासकट उतरवून काढतो. हे काम किचकट आहे आणि पहिल्यांदा सगळेच कुरकुरतात. पण स्वतःच्या हाताने 'मीने' चार ठिकाणी लिहिल्यावर, आणि एका ठिकाणी त्याच विद्यार्थ्याने अडखळून 'मी' असं स्वतःच दुरुस्त केलेलं सापडल्यावर, त्या शिक्षकाला काही समजावून सांगावं लागत नाही. त्याचा पुढचा तास तिथूनच सुरू होतो.

पुढची बॅच बँकेच्या कर्मचाऱ्यांची आहे. दोन नवे शिक्षक शाखेत बसून ऐकून आलेत आणि त्यांच्या यादीची पहिली पानं काल माझ्याकडे आली: "पासबुक भरून मिळेल का?" "पैसे अडकलेत." "सही जुळत नाही म्हणतात." "मुलाचं नाव लावायचंय." "हप्ता थकलाय." यातलं 'नाव लावायचंय' आणि 'थकलाय' पहिल्या दोन आठवड्यांतच घ्यावं लागेल, यावर आमचं एकमत झालंय. 'वारस' कुठे घ्यायचा यावर अजून चर्चा चालू आहे.